श्री म्हणजे जे एच

आमच्या वाचनालयाला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि स्मरणिका काढायचं ठरलं. कडेगावात एखादी गोष्ट ठरायला वेळ लागत नाही. ती कुणाच्या गळ्यात घालायची हे ठरायलाही लागत नाही, कारण ठराव होत असताना जो लघवीला उठून गेलेला असतो त्याच्याच गळ्यात ती पडते. मी परत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

अध्यक्ष तात्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, डब्यातून एक सीडी काढली, टॉवेलनं पुसली आणि तीर्थप्रसादासारखी माझ्या हातावर ठेवली.

"मास्तर, ह्यात १९९८ पास्नं २०१२ पतूरचे सगळे वार्षिक अहवाल हाईत. पंधरा. काय टाइप करायचं न्हाई, काय न्हाई. उघडायचं, एकाखाली एक लावायचं, छापखान्यात द्यायचं. अर्ध्या तासाचं काम."

त्या अर्ध्या तासाला साडेचार महिने लागले. त्यातला पहिला आठवडा सीडी घालायची फट असलेला कॉम्प्युटर शोधण्यात गेला, तो भाग सोडून देतो.

फाइल उघडली. पहिल्या ओळीत दोनच अक्षरं होती, इंग्रजी मोठा जे आणि धाकटा एच. खालच्या ओळीत छोटा डी, मोठा एम, एस, एक्स, के, ओ. त्याखाली व्ही, जी, ओ, के, वाय. मग पानभर हेच पीक, मधूनच एखादा सेमीकोलन तणासारखा उगवलेला. तात्या माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यो व्हगोकी कोण?"

"माहीत नाही."

"रशियाचा दिसतोय. पूर्वी स्वस्तातली सोव्हिएट पुस्तकं यायची न्हवं मराठीत, त्यातला कुणीतरी आसंल. पर आपल्या अहवालात काय करतोय?"

माझा पुतण्या बारावी सायन्सला आहे, त्यामुळं घरात फ्रीज बिघडला तरी पहिलं मत त्याचं घेतात. त्यानं पडद्याकडं न बघताच सांगितलं, "व्हायरस." रात्रभर अँटीव्हायरस फिरवला. सकाळी तीन व्हायरस सापडले. तिन्ही त्याच्या गेममध्ये होते, अहवाल निरोगी होता.

रोग काय होता ते मला पुष्कळ नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही रात्रभर जागाल. आपल्या भागातल्या माणसाला चटकन समजेल असं सांगायचं तर हा कुळाचा मामला आहे. कॉम्प्युटरच्या शिवारात पूर्वी एकूण २५६ प्लॉट होते. पहिल्या १२८ वर इंग्रजीचा कब्जा, सातबारा कोरा, बोजा काही नाही. मराठी तिथं पोहोचली तेव्हा तिच्या नावावर गुंठाभरही जागा नव्हती. सरकारी बाजूनं प्रयत्न झाले. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट नावाचं तंत्र वाढवलं, इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये पक्कं झालं, त्यात वरच्या १२८ प्लॉटांत आपल्या लिप्यांची सोय लावली. पण लग्नसराई मानकासाठी थांबत नाही. पत्रिका छापणाऱ्यांना मराठी आजच्या आज हवी होती. म्हणून फॉन्टवाल्यांनी सोपी वाट काढली. इंग्रजी ईच्या प्लॉटवर तिचं चित्र पुसून मचं चित्र काढलं, जेच्या प्लॉटवर रचं. पडद्यावर दिसतो म, आत नोंद ईचीच. मालक इंग्रजी, वहिवाट मराठीची. फॉन्ट आहे तोवर कूळ सुखात नांदतं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल गेली की तलाठ्यानं दप्तर उघडल्यासारखं मूळ मालकाचं नाव बाहेर येतं. ई, जे, के, बी, एच. म्हणजे मराठी.

बरं, सगळ्यांनी एकच प्लॉट धरले असते तरी निभावलं असतं. एका फॉन्टात म ईवर बसला, तर दुसऱ्यात तो भलतीकडंच. आमच्या गावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत आधी कळस मग पाया अशा उलट्या रीतीनं बांधतात आणि ते बघायला लांबून लोक येतात. फॉन्टवाल्यांनीही आधी कळसच केला. पाया घालायचं तेवढं राहून गेलं.

तर ती सीडी घेऊन मी स्टँडमागच्या डीटीपीवाल्या पोराकडं गेलो. फ्लेक्स, लग्नपत्रिका, वास्तुशांत, पावतीपुस्तकं, दहाव्याची कार्डं, असा जन्मापासून पुढचा सगळा व्यवहार त्याच्या एका टेबलावरून होतो. त्यानं पडद्याकडं एकदा बघितलं.

"सर, फॉन्ट फुटलाय. कुठला हुता?"

"मला काय माहीत?"

"नाव आसतंय की वर, फॉन्टच्या चौकटीत."

नाव नव्हतं. कुणा शहाण्यानं त्या काळी १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावावं म्हणून सगळे अहवाल साध्या टेक्स्टमध्ये करून ठेवले होते. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव राहत नाही. म्हणजे कूळ हाकललं ते हाकललं, वर त्याचं नावही कुणाला आठवेना. पोरगा म्हणाला, काळजी नका करू, माझ्याकडं साडेतीन हजार फॉन्ट हाईत, एकेक घालून बघू. त्यानं पान निवडलं आणि श्रीलिपीतला एक फॉन्ट घातला. पानभर अस्सल देवनागरी उगवली! तात्या खुर्चीसकट पुढं सरकले, चष्मा लावला, दोन ओळींशी झटले आणि म्हणाले, "ही मोडी आसंल."

मोडी नव्हती. अक्षरं मराठी होती, शब्द मात्र जगातल्या कुठल्याच भाषेतले नव्हते. माझ्या मते ही अवस्था पहिल्या अवस्थेपेक्षा वाईट. इंग्रजी कचरा दिसला की माणूस निदान वाचायचा प्रयत्न करत नाही. मग आकृती झाला. मग शिवाजी फॉन्ट घातला. नाव ऐकून तात्यांनी हात जोडले, पण फरक पडला नाही.

आम्ही असे बसलेलो असताना एका मुलीचे वडील पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. मजकूर त्यांच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपला होता, शुद्ध, सुवाच्य. पोरगा तो बघून बघून पुन्हा टाइप करायला लागला. मी म्हटलं, "अरे, कॉपी करून चिकटव की."

"न्हाई हुत सर. मोबाइलवरचं मंगलमध्ये आसतंय. माझं कोरल जुनं हाय. पत्रिका मंगलमध्ये हुत न्हाई."

मुलीचे वडील ताडकन उभे राहिले. "मंगलमध्ये हुत न्हाई म्हंजे? आमी मुहूर्त काढलाय!"

त्यांना बसवून, पाणी देऊन समजावून सांगावं लागलं. मंगल हे एका फॉन्टचं नाव. र. कृ. जोशी हे सुलेखनातलं मोठं नाव, त्यांनी तो मायक्रोसॉफ्टसाठी घडवला आणि विंडोज २००० पासून तो कॉम्प्युटरबरोबरच येऊ लागला. त्याच्या आत जे आहे ते युनिकोड. १९९१ साली युनिकोडनं देवनागरीला स्वतःच्या नावावर सलग १२८ प्लॉट दिले. कचा गट नंबर २३२५, मचा २३५०, जगात कुठंही जा, तोच. पण आमच्या तालुक्यात युनिकोड हा शब्द फारसा चालत नाही. कचेरीत, शाळेत, छापखान्यात सगळे 'मंगलमध्ये पाठवा' म्हणतात, मग फॉन्ट कुठलाही असो. वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं.

या पोराचा एक उपाय मात्र मला फार आवडला. मोठी छपाई तो कऱ्हाडला पाठवतो. पाठवण्याआधी सगळी अक्षरं 'कर्व्ह' करतो, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं उरतात. चित्राला फॉन्ट लागत नाही, त्यामुळं फुटायला काही राहत नाही. सुधारायलाही राहत नाही. एका पत्रिकेत आग्रहाचे निमंत्रणच्या जागी आग्रहाचे नियंत्रण कर्व्ह होऊन गेलं आणि तसंच छापून आलं. नवरदेवाच्या वडिलांनी वाचलं, बायकोकडं बघितलं आणि म्हणाले, राहू दे, बरोबरच हाय. आणि फारच नाजूक फाइल असली तर हा पोरगा पेनड्राइव्हमध्ये फाइल आणि शेजारी फॉन्टचा फोल्डर घालून स्वतः एसटीत बसतो. तारेतून क्षणात जाणारी मराठी वाटेत फुटते. विटा-कऱ्हाड गाडीतून कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत जाणारी अजून एकदाही फुटलेली नाही.

दरम्यान दुसरंच एक लफडं उपटलं. स्मरणिकेत आसपासच्या वाचनालयांची यादी द्यायची होती. ती एका वरच्या कार्यालयाकडून ईमेलनं आली. मी फाइलवर दोनदा टिचकी मारली, एक्सेल उघडलं आणि गावाच्या रकान्यात जे दिसलं ते व्हगोकीच्याही वरताण होतं. डोक्यावर तिरकी टोपी घातलेला ए, त्याच्या शेजारी चारी कोपऱ्यांत पाय फुटलेलं गोल चिन्ह, मग एक काळा ठिपका. पुन्हा टोपीवाला ए, पुन्हा चार पायांचा गोल, मग उलटं टांगलेलं उद्गारचिन्ह. असं अठरा चिन्हांपर्यंत. ते कडेगाव होतं.

मी हट्टाला पेटून ते सोडवायला बसलो आणि सोडवल्यावर मला इतका आनंद झाला की बायकोनं पुतण्याला बोलावून घेतलं. गंमत अशी आहे. ही फाइल युनिकोडच होती, मालकी हक्काची मराठी. फक्त ती युटीएफ-८ नावाच्या पद्धतीनं बांधलेली. त्यात देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटांचं, आणि काना, मात्रा, वेलांटी यांनाही अक्षराइतकाच मान. कडेगाव म्हणजे क, ड, मात्रा, ग, काना, व. सहा त्रिक अठरा. फाइल उघडणाऱ्याला पाठवणाऱ्यानं ही पद्धत सांगितली नाही, तर तो विंडोज-१२५२ नावाची पश्चिम युरोपची जुनी यादी काढतो आणि तीन बाइटांची मोळी सोडून एकेक कांडं वेगळं वाचतो. म्हणून प्रत्येक अक्षराच्या पुढं तोच टोपीवाला ए आणि बहुतेकांच्या पुढं तोच चार पायांचा गोल. हा गोल म्हणजे चलनाचं चिन्ह आहे, पण कुठल्याच देशाचं नाही. पैसा आहे एवढं सांगतो, कुणाचा ते सांगत नाही. आमच्याकडच्या निवडणुकीत शोभेल. बाकी मग कचा काळा ठिपका, डचं उलटं उद्गारचिन्ह, मात्रेला जपानचा येन आणि दुहेरी कट्यार, गची आडवी रेघ, व म्हणजे मायक्रॉनमधला ग्रीक म्यू, आणि काना म्हणजे पाऊण. तीन छेद चार, सरळ सरळ पाऊण! इयत्ता दुसरीच्या मुलांचे काने मी तीस वर्षं तपासले आहेत. ते पाऊणच असतात.

नाद लागला तसा 'मराठी' हा शब्दही सोडवला. मला नोंदणीकृत ट्रेडमार्कचा वर्तुळातला आर, रला तापाचा अंश, काना पाऊण, ठच्या वाट्याला नुसती कोरी जागा, आणि शेवटच्या दीर्घ वेलांटीला एक येन आणि एक युरो. मराठीच्या एकाच वेलांटीत दोन परकी चलनं आहेत हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते विचारात पडले आणि म्हणाले, "मग ग्रंथपालाला मानधन पुरत कसं न्हाई?"

जपानी लोकांच्या लिप्यांचे हाल आपल्यासारखेच झाले, म्हणून त्यांच्याकडं या प्रकाराला शब्दही आहे, मोजिबाके. मोजी म्हणजे अक्षर, बाके म्हणजे रूप पालटणं. तिकडच्या गोष्टींत कोल्हा बाईचं सोंग घेतो तीच क्रिया. अक्षराचं चित्रच सापडलं नाही की जे रिकामे चौकोन येतात त्यांना इंग्रजीत टोफू म्हणतात, आणि गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव 'नो टोफू'वरून पडलं. आमच्याकडं टोफू कुणी खात नाही. आम्ही त्यांना डबे म्हणतो. "सर, नुसते डबे यायल्यात" असा फोन आला की मी आता ओळखतो, अक्षर जागेवर आहे, चेहरा तेवढा हरवलाय, फॉन्ट घाल. टोपीवाला ए आला तरी घाबरायचं नाही, मात्र ती फाइल तशीच सेव्ह करायची नाही. बंद करून एक्सेलच्या डेटा मेनूतून, मागच्या दारानं, आत घ्यायची आणि विचारलं की ६५००१ हा नंबर सांगायचा. पाहुणा ओळखीचा निघतो. प्रश्नचिन्हं आली तर मात्र हात टेकायचे. एका अक्षराला एक, अशी प्रश्नचिन्हांची रांग दिसली म्हणजे कुणीतरी मराठी मजकूर नोटपॅडमध्ये जुन्या एएनएसआय पद्धतीनं सेव्ह केलेला असतो. आत काहीच उरलेलं नसतं. त्या फाइलीचं दहावं घालावं आणि मोकळं व्हावं.

यादी अशी सुटली. अहवाल तिथंच. मी वैतागून व्हगोकीची पानं छापली आणि वाचनालयात नेऊन ठेवली, कुणाला काही सुचलं तर सुचलं. कुणाला काही सुचलं नाही. पानं एका बाजूनं कोरी होती, तेव्हा संध्याकाळी कुणीतरी त्यावर भडंग ओतला.

भडंगाला अण्णा बसले होते. अण्णा टंकलेखक म्हणून निवृत्त. टंकलेखक हा शब्द सरकारी बरं का. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, आमच्याच तालुक्यातल्या देवराष्ट्रेत जन्मलेले यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं. मग क्लार्कचा लिपिक झाला, टायपिस्टचा टंकलेखक झाला. अण्णांना मात्र गाव अजूनही टायपिस्ट अण्णाच म्हणतं. मराठी ३०, इंग्रजी ४०, दोन्ही परीक्षा पास. त्यांच्या काळात टाइपरायटरचा आवाज ऐकून बाहेरच्या बाकावरची माणसं अर्ज कितपत आलाय ते सांगायची.

अण्णांनी शेंगदाणे वेचता वेचता भडंग बाजूला सारला. पान उलटलं. खिशातून चष्मा काढला. मग दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली, कीबोर्डवर ठेवतात तशी, आणि हळूच हलवली.

"जे, एच," अण्णा म्हणाले. "श्री."

मी खुर्ची ओढली.

"डी... एम शिफ्टवर... एस, एक्स, के, ओ." टेबलावर टकटक. "कडेगाव. व्ही, जी, ओ, के, वाय. अहवाल. ओ, के, पी, यू, के, वाय, सेमीकोलन. वाचनालय. इंग्रजी बटणं दिसत्यात सर, पर हात मराठीचा हाय."

अंगावर काटा आला माझ्या. "अण्णा, तुम्हाला हे वाचता येतं?"

"वाचता न्हाई येत. टाइप करता येतंय."

आणि खरंच, ते वाचत नव्हतेच. पानावरचं एकेक इंग्रजी अक्षर ते बोटाला सांगत होते आणि बोट टेबलावर पडलं की त्यांना मराठी ऐकू येत होती. साडेतीन हजार फॉन्टांना जे जमलं नव्हतं ते दहा बोटांना येत होतं. मग अण्णा रंगात आले. राम म्हणजे जे, के, ई, मध्ये चुकून ओ पडला तर जोक हुतोय. मी म्हंजे ई, एच. आणि वा म्हंजे ओ, के. हे मात्र मी दोनदा विचारून घेतलं. वा म्हणजे ओके. कुमार गंधर्वांच्या मैफलीत दाद देताना लोक आतल्या नोंदीत ओके ओके म्हणत होते, असा याचा अर्थ होतो.

"बटणं समदी रेमिंग्टनची हाईत," अण्णांनी निदान सांगितलं. "रेमिंग्टनच्या बटणांवर बसवलेला फॉन्ट म्हंजे कृतिदेव. आमी टाइपरायटर सोडला आन् कॉम्प्युटरवर आलो तवा त्योच घेतला. बोटांना नवीन काय शिकवायचं न्हवतं म्हणून."

डीटीपीवाल्या पोरानं कृतिदेव घातला. पान निवडलं, बटण दाबलं, आणि व्हगोकी रशियाला निघून गेला. वर श्री, खाली कडेगाव. तात्यांनी पुन्हा हात जोडले, या वेळी कारण होतं.

छापखान्याचा निरोप आला, मंगलमध्ये द्या.

मग कन्व्हर्टर. जुना मजकूर वरून ओतायचा, खालून युनिकोड निघतं, असं ते यंत्र. निघतंही. फक्त उसाबरोबर थोडं पाचटही गाळलं जातं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडं न्यावी लागते आणि जोडाक्षर आलं की त्याचा पाय घसरतो. मग ती वेलांटी एका टिंबाटिंबांच्या रिकाम्या वर्तुळावर जाऊन बसते, सभेला लवकर आलेल्या माणसासारखी.

पण खरा घात केला तो रनं. मराठीत दोन र आहेत हे कॉम्प्युटरला पटवणं अवघड आहे. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. समुद्रात बुडायचं की कड्यावरून पडायचं एवढा तो फरक. आपला हा आडवा र लिहायच्या दोन रीती. एक, त्याला गट नंबर २३५३ वरचा नुक्त्याचा र द्यायचा. दोन, साध्या रचा पाय मोडून त्यामागं एक अदृश्य चिन्ह ठेवायचं. त्या चिन्हाला मी जोडवं म्हणतो. ते डोळ्यांना दिसत नाही, पण इकडचा मजकूर तिकडं चिकटवताना कुठं पडलं की घरात लगेच कळतं. आमच्या पंधरा अहवालांत ते जोडवं जिथं तिथं पडलं होतं. शेतकर्यांचे मेळावे झाले होते. पाहुणे कर्हाडहून आले होते. कर्हाड मोठ्यानं म्हणून बघा, दात हलतो. आणि १९९९ च्या जमाखर्चात एक नोंद होती, वर्धापनदिनानिमित्त आचार्यांना मानधन रुपये पाचशे.

तात्या थबकले. "कुठले आचार्य आलते?"

"आचार्य नाही तात्या, आचारी. मसालेभात केला होता."

तात्यांनी जरा आठवून बघितलं. "मग राहू द्या. भात तसाच झालता."

शेवटी ठरलं की अण्णांनी माझ्या घरी बसायचं, एका हाताला मूळ इंग्रजी कचऱ्याची पानं, समोर पडद्यावर कन्व्हर्टरची मराठी, आणि शंका आली की मुळाशी ताडून बघायचं. आठ दिवस आम्ही बसलो. अण्णा टेबलावर टकटक करत आणि मी पडद्यावर दुरुस्त करत. बायको म्हणाली, घरात तबल्याची शिकवणी लावल्यासारखं वाटतंय.

२००४ चा अहवाल बरा चालला होता. तिसऱ्या पानावर मात्र कन्व्हर्टरनं ताळच सोडला. 'ग्रामपंचातीने जागा दिली.' पुढं, 'वाचनालास भेट.' त्याखाली देणग्यांची यादी, 'एकशे एक रुपे', 'एकावन्न रुपे'. पानभर यचा पत्ता नाही. मी चिडलो. रचं समजू शकतो, पण यनं या यंत्राचं काय घोडं मारलं होतं? मी कन्व्हर्टर लिहिणाऱ्याच्या खानदानाकडं वळलो तेवढ्यात अण्णांनी मूळ पान पुढं ओढलं आणि टेबलावर बोटं ठेवली.

"एक्स, झेड, के, ई, आय, ए, पी, के..." टकटक थांबली. "आर."

पुन्हा एकदा केलं. पुन्हा तिथंच थांबले.

"सेमीकोलनच न्हाई हितं."

"म्हणजे?"

"म्हंजे कन्व्हर्टरला शिव्या देऊ नका सर." अण्णांनी उजवा हात वर केला आणि करंगळी बघितली. "य सेमीकोलनवर. सेमीकोलन उजव्या करंगळीला. त्या वर्षी उसाच्या मोळीला हात लावाय गेलो आन् ही करंगळी फाटली. पट्टी हुती महिनाभर. तरी म्हटलं अहवाल आडायला नको, नऊ बोटांनी काढला. मला वाटलं, सगळे य मारले मी."

सीडीवरचे पंधराच्या पंधरा अहवाल संध्याकाळी कचेरी सुटल्यावर अण्णांनीच टाइप केले होते. आठ दिवस माझ्यासमोर बसून ते स्वतःचंच टंकन वाचत होते आणि एका शब्दानं बोलले नव्हते.

मी दुरुस्तीला हात पुढं केला, तर अण्णांनी माझा हात बाजूला केला. कर्सर ग्रामपंचातीच्या चा आणि तीच्या मध्ये नेऊन ठेवला. शर्टाची बाही वर सारली, मनगट सैल सोडलं आणि उजव्या करंगळीनं सेमीकोलन असा हाणला की चहाचा कप हलला.

पडद्यावर च उमटला. ग्रामपंचाचती.

अण्णांनी पडद्याकडं बघितलं. मग करंगळीकडं. मी रेमिंग्टनवर नाही, इन्स्क्रिप्ट नावाच्या वेगळ्या बटणमांडणीवर टाइप करतो हे त्यांना सांगायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"य कुठं ठेवलाय ह्यांनी?"

"एक ओळ खाली, अण्णा. बोट तेच."